नुरा डाव

साहेबांनी खुर्ची नाकारली, तिथंच आत्याबाईंचा धीर सुटला.

मग त्यांनी चहा नाकारला. सरबत नाकारलं. पंखा आपल्याकडं वळवू दिला नाही. शेवटी आत्याबाईंनी आणलेलं साधं पाणीसुद्धा, आत्ताच पिऊन आलोय म्हणून त्यांनी हात जोडून परत केलं. भरलेला तांब्या तसाच घेऊन आत्याबाई माझ्याजवळ आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "वैजू, ह्यो माणूस काय बी घेत न्हाई. आता गं काय करायचं?"

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. दारात आलेल्या माणसाचं काहीतरी केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, आणि माणूस सरकारी असला तर त्यांचा जीव अगदी टांगणीला लागायचा. त्याला लाच म्हणू नका. लाच देण्याइतकी अक्कल आमच्या घरात कुणालाच नव्हती.

साहेबांचं नाव सोनटक्के. विदर्भाकडून नुकतेच बदलून आले होते. आमचं व्हिडिओ गेमचं दुकान ठेवायचं की बंद करायचं, हे ठरवायला ते त्या दिवशी कारकुनाला घेऊन आले होते. सील लावायची लाख आणि सुतळी कारकुनाच्या पिशवीतून डोकावत होती. मी टोकनच्या काउंटरमागं उभी होते आणि माझी नजर त्या सुतळीवरून हलत नव्हती.

दुकान म्हणजे काय, आमची जुनी मागाची शेडच. इचलकरंजीत सासऱ्यांचे माग होते. मंदीत ते भंगारात गेले, मागोमाग सासरे गेले, आणि माझ्या यजमानांनी धाडस करून मुंबईहून जुन्या गेमच्या मशिनी ट्रकात घालून आणल्या. कपाटाएवढ्या उंच, समोर काच, खाली हँडल आणि बटणं. यांचं नाव माणिक. तोंडानं मी ते आजतागायत घेतलेलं नाही, पण लिहिताना 'हे, हे' करत बसले तर वाचणाऱ्याचा गोंधळ उडेल, म्हणून माणिकच लिहिते.

मशिनी आल्या आणि गल्ली पालटली. पाळी सुटलेले कामगार केसांतला कापूस न झटकता थेट आमच्याकडं यायचे. मागांच्या खडखडाटानं कान बधिर झालेले, त्यामुळं आवाज वाढव म्हणून ओरडायचे. मारामारीच्या गेमवर तर झुंबड असायची. दोघांनी शेजारी उभं राहायचं, आपापला गडी निवडायचा आणि एकमेकाला लोळवायचं. तीनपैकी दोन फेऱ्या घेईल त्याचा डाव. पडद्यावरची इंग्रजी नावं कुणाला वाचता येत नव्हती, म्हणून लोकांनीच त्यांची बारशी केली होती. आडदांड होता तो पैलवान, उंच केस बांधलेला तो शेंडी, आणि बाई होती ती वेणीवाली. कुस्तीच्या मुलखातली माणसं ती, फडावर बोलावं तसं बोलायची. पट काढ, ढाक लाव, दम दे. त्या दुकानावर आमची चूल पेटत होती. ते गेलं असतं तर आमच्याजवळ दुसरं काहीही नव्हतं.

तक्रार केली होती बिरनाळे सरांनी. सर पलीकडच्या शाळेत शिकवायचे, आणि त्यांच्या वर्गातली पोरं सकाळच्या तासांना आमच्या शेडमध्ये सापडायची. सरांचं काही चुकीचं होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही. पण त्यांनी अर्जात शाळा बुडवतात असं न लिहिता जुगार चालतो असं लिहिलं, कारण त्याची दखल लवकर घेतली जाते. त्यातच गावातल्या दुसऱ्या एका दुकानात चित्रं फिरवायच्या मशिनी निघाल्या होत्या. चित्रं जुळली की पैसे. ते दुकान आदल्या आठवड्यात बंद झालं होतं आणि आता पाळी आमची होती.

"मला फार बोलायचं नाही," सोनटक्के साहेब म्हणाले. "नशिबावर चालतो तो जुगार, कसबावर चालतो तो खेळ. यात कसब आहे हे मला दिसलं, की मी लिहून देतो आणि जातो. नाही दिसलं, तर सील."

माणिक हुशारीनं पुढं झाले. मशीनशी एकटं खेळून शेवटपर्यंत जाऊन दाखवतो म्हणाले. त्यावर दारात उभे असलेले बिरनाळे सर म्हणाले, की मशीन याचंच, किल्ली याचीच. आतून काय फिरवून ठेवलंय ते आपल्याला काय कळणार? साहेबांना ते पटलं. त्यांनी जरा विचार केला आणि मनगटावरचं घड्याळ काढून कारकुनाकडं दिलं.

"मग माझ्याशी खेळा," ते म्हणाले. "मी याला जन्मात हात लावलेला नाही. कसब असेल तर मी हरेन. साधी गोष्ट आहे."

इतकी सोपी परीक्षा कुणी घेतली नसेल. माणिकना हरवणारा गल्लीत कुणी नव्हता. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. मी दोन टोकनं काढून दिली, आणि तेवढ्यात आत्याबाई माणिकच्या मागून गेल्या. जाता जाता त्यांच्या कानाशी पुटपुटल्या, ते काउंटरमागून मला स्वच्छ ऐकू आलं.

"मान राख साहेबांचा."

चहा नाही, सरबत नाही, पाणी नाही. साहेबांना नाकारता येणार नाही अशी एकच गोष्ट घरात उरली होती, आणि आत्याबाईंनी ती देऊ केली. माणिकनी मान हलवली. त्यांचा जन्मच असल्या शिकवणीत गेला होता. शेठच्या पुढं चालायचं नाही, साहेबाच्या वरचढ बोलायचं नाही. मला ओरडावंसं वाटलं. पण परक्या साहेबापुढं सुनेनं तोंड उघडायची आमच्यात पद्धत नव्हती, आणि मी मनाची समजूत घातली की एखादी फेरी सोडतील आणि बाकीच्या जिंकतील.

त्यांनी सगळाच डाव सोडला. साहेब दोन्ही हातांनी बटणं बडवत होते, त्यांचा पैलवान भलतीकडंच तोंड करून हवेत बुक्क्या मारत होता, आणि माणिकचा शेंडी आपणहून त्या बुक्क्यांखाली जाऊन उभा राहत होता. दारातल्या गर्दीत कुणीतरी हळूच म्हणालं, "नुरा." दोन पैलवानांनी आधीच ठरवून केलेल्या कुस्तीला आमच्याकडं नुरा म्हणतात, शेंबड्या पोरालाही तो शब्द माहीत असतो. साहेबांना माहीत नव्हता.

शेंडी आडवा झाला. "जिंकलो की मी," साहेब म्हणाले, आणि क्षणभर त्यांचा चेहरा इतका निर्मळ हसला की मला त्यांची कीव आली. आत्याबाई दारामागून समाधानानं बघत होत्या. मग साहेबांचं हसू हळूहळू मावळलं. त्यांनी कारकुनाकडून घड्याळ परत घेतलं.

"पहिल्याच फटक्यात मी जिंकलो," आता ते साहेबाच्या आवाजात म्हणाले. "मग यात कसब कसलं? घ्या हो, पंचनामा लिहायला घ्या."

माणिक घाईनं पुढं आले. हात जोडून ते म्हणाले, की साहेब, मी जरा हात आखडता घेतला होता. बिरनाळे सर तिकडून लगेच म्हणाले, की हरलेला प्रत्येक जण हेच म्हणतो. आणि साहेबांनी शांतपणे विचारलं, "म्हणजे सरकारी तपासणीत तुम्ही मला फसवलंत, असं लिहू?" हो म्हटलं तरी मरण, नाही म्हटलं तरी मरण. कारकुनानं पिशवीतून सुतळी बाहेर काढली. आत्याबाईंना काय घडलं ते अजून कळलं नव्हतं. जिंकवलेला साहेब रागावला कसा, एवढंच त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

मी काउंटरच्या बाहेर आले. कशी आले ते मला आजही सांगता येणार नाही.

"साहेब, एकदा माझ्याशी खेळा."

"वैजू, आत जा," आत्याबाई म्हणाल्या.

"तुम्हाला येतं?" साहेबांनी विचारलं.

"येतं."

गल्लीतल्या कुणालाही हे ठाऊक नव्हतं. सकाळी मी टोकनं देणारी, संध्याकाळी फरशी पुसणारी. पण दुपारी पोरं शाळेत आणि कामगार मागावर असले, की माणिक शटर अर्धं खाली ओढायचे आणि आम्ही दोघं खेळायचो. त्यांनीच शिकवलं मला. एकत्र घरात नवराबायकोला दिवसाउजेडी जवळ उभं राहायला दुसरी जागा कुठली? त्या दुपारी मला जगातल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा प्याऱ्या होत्या.

पदर खोचून मी हँडल धरलं. वेणीवाली घेतली आणि साहेबांच्या पैलवानाला हात उचलू दिला नाही. साहेब हरले. आत्याबाईंनी डोळे मिटून घेतले. साहेब चिडले नाहीत, उलट जास्त बारकाईनं बघायला लागले. म्हणाले, जागा बदलू, कदाचित तुमच्या बाजूचं हँडल चांगलं असेल. जागा बदलली, ते हरले. मग म्हणाले, गडी बदलू, तुमची बाई मला द्या. दिली. ते पुन्हा हरले. सुतळी कारकुनाच्या हातात तशीच लोंबत होती.

"कुणी शिकवलं तुम्हाला, ताई?"

"यांनी," मी माणिककडं बघून म्हणाले.

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. काउंटरवर बोट टेकवून ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "मी यांना हरवलं. तुम्ही मला हरवलं. आणि तुम्ही दोघं खेळलात तर?"

माणिकना वाटलं, आता आपलं कसब सांगायची संधी आली. मोकळं हसून ते म्हणाले, "रोज हरतीया की साहेब. आजपातुर एकदा बी जिंकली न्हाई माझ्याकडनं."

साहेबांचं बोट काउंटरवर गोल फिरलं. यांच्यावरून माझ्यावर, माझ्यावरून साहेबांवर, आणि परत यांच्यावर. जिथून निघालं तिथंच येऊन थांबलं. बोट बघताच मला सगळं उमगलं. सगळेच एकमेकांना हरवत असतील, तर कोण वर, कोण खाली? मग ते नशीबच. माणिकनी माझ्याकडून हार घेतली, तरच साहेबांच्या डोक्यात पायऱ्या नीट बसत होत्या.

"आता तुम्ही दोघं खेळा," साहेब म्हणाले. "मनापासून."

माणिक शर्टाच्या बाहीनं हँडल पुसत होते. त्यांनी बोटाकडं पाहिलंच नव्हतं. माझ्या शेजारी उभे राहत ते हळू आवाजात म्हणाले, "भिऊ नको. आता न्हाई सोडत. असा खेळतो की साहेबाला कसब दिसलंच पायजे."

मी त्यांना सांगू कशी? साहेब आमच्या दोघांच्या मधोमध वाकून बघत होते.

आणि दुसरी एक गोष्ट होती, ती मी जन्मभर त्यांना सांगणार नव्हते. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी त्यांना एकदा हरवलं होतं. ते म्हणाले, बटण अडकलंय. लगेच मशीन उघडलं, सगळी बटणं काढली, तेल घातलं, पुन्हा बसवली. ऐन सणाची संध्याकाळ स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मशीनच्या पोटात गेली. फराळाच्या ताटाला त्यांनी हात लावला नाही. बटण काही अडकलं नव्हतं. त्या दिवसापासून मी हरायला लागले. अगदी शेवटच्या घडीला, त्यांच्या गड्याचा जीव थोडासा उरला असताना, हात किंचित सैल सोडायचा. जिंकले की ते दिवसभर गुणगुणायचे. हरलेला तो डाव त्यांच्या लक्षातही नव्हता. बटणाच्या नावावर तो कधीच खपला होता. माझं काय जात होतं?

आता कळलं, काय जात होतं ते.

पहिली फेरी मी घेतली. माणिक हसले, त्यांना ती चुकून गेल्यासारखी वाटली. दुसऱ्या फेरीत शेवटच्या घडीला माझा हात सैल पडला. खरंच सांगते, मी सोडला नाही. हरायची सवय हाताला इतकी लागली होती, की ती वेळ आली आणि तो आपोआप ढिला झाला. फेरी त्यांची झाली. साहेबांनी मान हलवली आणि कारकुनाकडं पाहिलं. कारकुनानं लाखेची कांडी बाहेर काढली.

एकच फेरी उरली. मी ओठ दाताखाली धरला. माणिक जीव तोडून खेळत होते. इतकं सुंदर खेळताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. दुकान वाचवायला खेळत होते बिचारे, आणि त्यांच्या प्रत्येक चांगल्या फटक्यानं दुकान हातातून निसटत होतं. त्यांचा शेंडी उडी मारणार हे मला त्यांच्या खांद्यावरून कळायचं. इतकी वर्षं त्याच खांद्याला खांदा लावून उभी होते. उडी मारली की मी खाली आधीच तयार. ते सरकले की मी पुढं. दोघांचाही जीव सुतासारखा उरला. त्यांनी पुन्हा उडी मारली. मी हात सैल सोडला नाही.

शेंडी पडला आणि उठला नाही.

माणिकनी बटणाकडं पाहिलं. बोट उचलून त्यांनी ते दाबलं नाही, फक्त पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. ते समजले. हा एकच डाव नाही, त्याच्यामागचे सगळे समजले. सगळ्या दुपारी त्या एका नजरेत उलट्या फिरून गेल्या आणि मला तिथंच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

सोनटक्के साहेबांनी उभ्याउभ्याच लिहिलं. खेळ कसबाचा आहे, दुकान चालू ठेवण्यास हरकत नाही. मात्र शाळेच्या वेळेत पोरांना आत घेऊ नये. ती ओळ वाचून बिरनाळे सरांनीही मान डोलावली आणि कागदावर सही केली. गर्दी पांगली. निघताना साहेब माणिकजवळ थांबले आणि मऊ आवाजात म्हणाले, "मघाशी मला जिंकवलंत ना? पुन्हा कुणा साहेबाला असं जिंकवू नका. आम्हाला खरं वाटतं."

त्या संध्याकाळी आत्याबाईंनी गुळाचा शिरा केला. दुकान राहिलं म्हणून देवापुढं ठेवला आणि ताट वाढता वाढता मला म्हणाल्या, "चांगलं केलंस बाई. पर त्येला जेवाया तूच बोलव. मी न्हाई बोलवणार."

माणिक जेवले. रागावले नाहीत, टाकून बोलले नाहीत. फक्त दुपारी शटर खाली ओढणं त्यांनी बंद केलं. पोरं नसायची, कामगार नसायचे, मशिनी नुसत्याच लुकलुकत राहायच्या आणि आम्ही दोघं दोन टोकांना बसून असायचो. मला त्या दुपारी खायला उठायच्या. दुकान वाचवून आपण काय घालवलं, याचा विचार करून मी मोरीत जाऊन रडून घ्यायची.

मग एका दुपारी शटरचा आवाज झाला. मशीनपुढं उभं राहून ते म्हणाले, "ये. आणि सोडायचं न्हाई. माझी आण हाय."

मी सोडलं नाही. ते हरले. दुसऱ्या दिवशी हरले. तो पावसाळा सरेपर्यंत हरत राहिले आणि शिकत राहिले. खांद्यावरून कळू नये म्हणून वेगळे उभे राहायला लागले. आणि एक दिवस, मी जिवाच्या आकांतानं खेळत असताना, ओठ दाताखाली धरलेला असताना, त्यांनी मला पाडलं. स्वच्छ पाडलं. मला इतका आनंद झाला की मी टाळ्या पिटल्या.

ते हसले नाहीत. माझ्या हाताकडं बघत राहिले.

"सोडलास व्हय?"

"न्हाई हो. तुमची शपथ."

"बरं," ते म्हणाले, आणि मशीन बंद करून टाकलं.

आता ती शेड नाही, मशिनीही नाहीत. आख्खं गाव हातातल्या फोनवर खेळतं. आम्ही दोघं म्हातारी झालो. तरी जेवताना कधीतरी ते मध्येच हात थांबवतात आणि विचारतात, "वैजू, त्या दिवशी मी खरंच जिंकलो होतो?" मी खरं तेच सांगते, हो म्हणून. आणि ते, माझं मन मोडू नये म्हणून, बरं म्हणतात.